पत्रिकेची फाईल

प्राची तालुक्याच्या कॉलेजात सायबर सुरक्षा शिकवायची. कळंबच्या भावकीला तिनं वर्षभर बजावलं होतं, "व्हॉट्सॲपवर पत्रिकेची फाईल आली तर उघडायची नाही. माझ्या नंबरावरून आली तरी नाही." सगळे नुसते मान डोलवायचे. सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही, असा निष्कर्ष तिनं पीएचडीच्या प्रबंधात लिहूनही टाकला.

घोडेगावात तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. गुरुजी जेवून गेले, लापशी गार झाली, तरी मांडवात कळंबचं एक माणूस दिसेना. शेवटी तिनं रखमाजी चुलत्यांना फोन लावला.

 

"पोरी, बरं झालं फोन केलास. तुझ्या नंबरावरून कुणीतरी वास्तुशांतीची पत्रिका धाडतंय. पण तू काळजी करू नको, साऱ्या भावकीत एकानंबी उघडली न्हाई."