पंचांची चकती

“शिट्टी वेळेवर वाजेल ना गं?” मैदानात उतरताना भास्कररावांनी विचारलं.

“न वाजून सांगते कुणाला! प्रोग्रॅम लिहिलाय कुणी?” सुमित्राबाई म्हणाल्या.

पक्षाघातानंतर भास्कररावांची स्मृती कानामागच्या चकतीत होती. ती बनवणारी कंपनी बुडाली. तिची ऑपरेटिंग सिस्टीम आता जगात जेमतेम तीनशे माणसं वापरत. चकती इतकी संथ, की या कबड्डीच्या पंचांना नियम आठवेपर्यंत खेळाडू पाणी पिऊन येत. लोक समजून घेत, कुणी वाद घालत नसे; तेच भास्कररावांच्या जिव्हारी लागे. शेवटी शिवणक्लास सांभाळून सुमित्राबाईंनी दोन वर्षांत चकती झरझर वाचणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम लिहिला आणि आज सकाळी चढवला.

चढाई करणाऱ्याचा पाय रेषेबाहेर टेकला. त्याच क्षणी शिट्टी वाजली. “बाद!”

“ओ पंच, डोळे घरी ठेवलेत काय?” गर्दीतून एक जण ओरडला.

भास्करराव गर्रकन वळले. “तुझा बापही खेळताना असाच रेषेबाहेर जायचा, आणि असाच ओरडायचा!”

मैदान हसलं. तीन वर्षांनी नवऱ्याशी कुणीतरी भांडलं होतं. सुमित्राबाईंनी फोन काढला. त्यांनी तिथूनच ड्रायव्हर सगळ्या चकतीवाल्यांसाठी फुकट खुला केला आणि खाली लिहिलं, “भांडणात तपासून पाहिला आहे. बिनधास्त वापरा.”