चुलीपुढे बूट

लघुग्रहावरच्या खाणीत शेवंताला स्वयंपाकिणीचं काम मिळालं होतं. पहिल्याच सकाळी तिने सवयीने दारात जड बूट काढले आणि ती स्वयंपाकघरात शिरली. पाऊल जमिनीला टेकलंच नाही. ती अलगद वर निघाली, थेट हवा खेचणाऱ्या पंख्याच्या पात्यांकडे. धरायला काहीच नव्हतं.

"मावशी, धरा मला!"

ओट्यापाशी उभ्या असलेल्या जुन्या स्वयंपाकीण यमुनामावशींनी तिचा घोटा पकडून तिला खाली ओढलं. "अगं बाई, इथली जमीन माणसाला धरून ठेवत नाही. बुटातलं लोहचुंबक धरतं!"

"पण चुलीपुढे बूट घालून..."

"घालूनच! देवालाही कळतं ते."

शेवंताने बूट चढवले. त्या दिवशी तिने सगळ्या भाकऱ्या एकाच हाताने थापल्या. दुसऱ्या हाताने तिने ओटा घट्ट धरून ठेवला होता.