पडल्याची नोंद

मेकॅनिकच्या बायकोचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि हवालदाराने त्याला उत्तर दिलं नव्हतं. सोबत तिने तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीटही पाठवलं होतं. दोन्ही त्याच्या खिशातल्या डायरीत चपटी होऊन बसली होती.

पत्रात आरोप नव्हता. यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं तिने लिहिलं होतं. आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारा माणूस घरी बसून आहे. हे म्हणतात, ठाण्याच्या पायरीवरून पडलो. डॉक्टर म्हणतात, पडून असं होत नाही, नेमकं काय झालं ते सांगा. हे मलाही सांगत नाहीत. पडल्याच्या नोंदीखाली तुमची सही आहे, म्हणून तुम्हाला विचारते.

आज ताणमुक्ती शिबिर होतं. वरून आदेश होता, म्हणून चाळीसेक जण गणवेशातच सभागृहात येऊन बसले होते. समुपदेशक बाईंनी कोरे कागद वाटले. ज्याला काही सांगायचं राहून गेलंय त्याला पत्र लिहा, मग फाडून टोपलीत टाका, मोकळं वाटेल, असं त्यांनी सांगितलं.

“त्यापेक्षा दोन दिवस रजा द्या म्हणावं,” शेजारचा शिपाई पुटपुटला. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. त्याने साहेबांच्या नावाने चार ओळी खरडल्या, मागच्या रांगेला वाचून दाखवल्या आणि चवीने फाडल्या.

हवालदाराने पेन टेकवलं. हाताने आपणहून लिहिलं, ‘सदर इसम पायरीवरून पाय घसरून पडल्याने’. त्याने कागद बदलला. दुसऱ्या कागदावरही तेच उतरलं. एकतीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा लिहून झालं होतं, की त्याला डोकं लागत नसे.

तिसऱ्या कागदावर तो एकेक शब्द सुटा लिहू लागला, पहिलीतल्या मुलासारखा. बंदोबस्ताचा सलग चौथा दिवस होता. वयाने मुलासारख्या असलेल्या साहेबांनी फोनवर आईवरून शिवी दिली. मी ‘होय साहेब’ म्हणून फोन ठेवला. चोरीच्या गाडीबद्दल विचारायला आणलेले तुमचे पती बाकावर बसले होते. घरी एक फोन करू का, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते पडले नाहीत. मी मारलं. उजव्या हाताने, उघड्या पंजाने, डाव्या कानावर, दोनदा. नंतर पडल्याची नोंद मीच केली आणि त्यांची सही घेतली. डॉक्टरांना हे दाखवा.

इथे तो थांबला. मग त्याने आणखी एक ओळ लिहिली: त्या दुपारी मला चार दिवसांनी शांत झोप लागली. ही ओळ डॉक्टरांच्या काही कामाची नव्हती. खोडावी का, याचा त्याने बराच वेळ विचार केला. मग तशीच ठेवून खाली नाव आणि बक्कल नंबर घातला.

वकिलाने मान लांब करून शेवटच्या ओळी वाचल्या. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली.

“सही कशाला केलीत?” तो हळूच म्हणाला. “फाडा आधी. पेन्शनला अकरा महिने राहिलेत तुमच्या. वहिनींना काय सांगाल?”

“तिला अजून सांगितलं नाही,” हवालदार म्हणाला.

बाई टोपली घेऊन रांगेतून फिरल्या. टोपली समोर आली तेव्हा त्याने पहिले दोन्ही कागद फाडून तिच्यात टाकले. बाई समाधानाने हसल्या. बरं वाटलं ना, म्हणाल्या. तो हो म्हणाला.

टपालपेटी फाटकाबाहेरच होती. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. पेटीवर चारची वेळ लिहिली होती आणि आत्ता कुठे साडेतीन वाजत होते. घरी जाण्याऐवजी तो तिथेच उभा राहिला. पत्र परत मिळवणं कठीण नव्हतं. तपासाचं काम आहे म्हटलं की झालं. गणवेशातल्या माणसाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

चारला पोस्टमन सायकलवरून आला. पेटी उघडून त्याने टपाल पिशवीत भरलं आणि वळला, तर समोर हवालदार. पोस्टमन दचकला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्याने पिशवीचं तोंड उघडून दोन्ही हातांनी पुढे धरलं. “बघा ना साहेब, काय हवंय?”

सगळ्यात वर तेच पाकीट होतं. हवालदाराने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

“काही नाही,” तो म्हणाला. “जा तुम्ही.”

पोस्टमनला ते खरं वाटेना. पिशवी तशीच पुढे धरून तो उभा राहिला.