लडक्याच्या वाटचा बोंबील

लडक्याच्या आईला काहीही सांगायचं नाही, हे योगितानं जिव्याला उधव्याच्या स्टॉपवरच बजावलं. तो नुकताच जीपमधून उतरला होता. हातात सुक्या बोंबलांची जुडी होती.

"तो पुढच्या खेपेला सुटेल असं वाटतं त्यांना," ती म्हणाली. "तसंच राहू दे, दादा. त्यांना नाय सोसायचं."

जिव्या किनाऱ्यावरच्या वाढवणचा. तो आणि योगिताचा नवरा लडक्या एकाच गुजराती बोटीवर खलाशी होते. मासेमारी करता करता बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि दोघं पलीकडच्या तुरुंगात जाऊन पडले. लडक्या तिथेच तापानं गेला. मातीही तिकडेच मिळाली. जिव्या आषाढात सुटून आला आणि त्यानं पहिला फोन योगिताला केला. तेव्हापासून तिनं ते पोटात ठेवलं होतं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, सासूसमोर हसणं, सगळं जागच्या जागी.

जिव्याला तिच्याकडे बघवेना. खोटं बोलायला काही तो एवढ्या लांब आला नव्हता. माझ्या आईच्या हातचं एकदा जेवून ये, असं लडक्यानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, म्हणून आला होता.

बारकी, लडक्याची आई, ओट्यावर उडीद पाखडत बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला तो जेवणाचा. तिकडे खायला काय देतात? जिव्यानं सांगितलं, पातळ डाळ आणि जाड रोटी. मासळी नाही, भात नाही. मग संध्याकाळी बराकीतले सगळे गोल बसून तोंडानंच रांधत. रोज एकाची पाळी. कुणी भरल्या पापलेटाचं सांगे, कुणी उंधियूचं.

"आणि आमचा?"

"तुमच्या हातची रानातल्या शेवळाची भाजी," जिव्या म्हणाला. "आंबट काकडं कमी पडली तर घसा कसा खाजवतो, तेपण सांगतो. ऐकताना आमचा घसा खाजवायला लागतो."

म्हातारी हसली. जिव्याला हायसं वाटलं. खाण्यापिण्याच्या गोष्टींत खोटं फार लागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो सैल सुटला. किनाऱ्यावरच्या जवळ्याच्या चटणीचं सांगितलं. बारकीनं तिच्याकडच्या नागलीच्या भाकरीचं सांगितलं, ती थापताना पाणी कसं बेतानं घ्यायचं त्याचं सांगितलं. बोंबील तुम्ही कसा करता, तिनं विचारलं.

"निखाऱ्यावर. शेपटी काळी होईतो भाजायचा आणि शेपटीच आधी खायची. लडक्याला ते भारी वाटलं. म्हणतो, घरी गेलो की असाच खाणार."

"आमच्यात चिंच घालून कालवण करतात. भाजला की वास सुटतो पाडाभर." तिनं जुडी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "पण तो म्हणतो तर भाजू. त्याच्या वाटचा भाजू."

 जिव्या खोकल्याचं निमित्त करून अंगणात बघत बसला.

योगिता हंडा घेऊन पाण्याला गेली होती. ती दिसेनाशी होईतो बारकी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली आणि मग सहज बोलल्यासारखी बोलू लागली.

"सून कामाची आहे. पण भाताचं बघ. आधी रोज रात्री त्याच्या वाटचा घासभर टोपात राखायची. आपला माणूस वाटेवर असला की टोप रिकामा ठेवू नये, असं आमच्यात आहे. ह्या पावसाळ्यात टोप घासून पालथा घालायला लागली. मी काय बोलले नाय. उकाड्यात भात आंबतोच."

सासवा कुठल्याही पाड्यातल्या असोत, तक्रार एकच, असं जिव्याला वाटलं. भांडणात पडायला नको म्हणून त्यानं घाईघाईनं करवंदाच्या लोणच्याचा विषय काढला.

घरात नवा भात आला होता, तो आज पहिल्यांदा शिजला होता. अशा दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं आधी परसात पान ठेवायचं, मग आपण जेवायचं. ते पान थोरल्या बाईनंच ठेवायचं आणि संध्याकाळ होईतो सुनेनं तिकडे फिरकायचं नाही. बारकी पदराआड पळसाचं पान घेऊन मागे गेली. यायला तिला जरा वेळ लागला.

जेवण साधंच होतं. नवा भात, उडदाची डाळ, लाल मिरचीची चटणी, भाजलेला बोंबील. जिव्या खाली मान घालून जेवला. इतका सुखाचा भात त्याच्या तोंडी कित्येक महिन्यांत लागला नव्हता, आणि तो ज्यानं खायला हवा होता तो परक्या मातीत होता. योगितानं दोनदा आग्रह केला. म्हातारी मध्येच म्हणाली, लडक्या आला की तुम्ही दोघं मिळून या, शेवळाच्या दिवसांत या. जिव्यानं येतो म्हटलं. योगितानं पटकन त्याला डाळ वाढली.

हात धुवायला तो पाहुणा म्हणून मोकळेपणी परसात गेला. जांभळीखाली पळसाचं पान मांडलेलं होतं. त्यावर भाताच्या छोट्या ढिगल्या होत्या, लडक्याच्या बापाची, आजाची, आजीची. त्यांच्या शेजारी आणखी एक होती. तिच्यावर भाजलेला बोंबील ठेवला होता, शेपटी काळी करून.

जिव्या वळला. मागे बारकी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आत योगिता भांडी घासत होती, तिचा आवाज इथवर येत होता. म्हातारीनं त्याच्या हातांवर पाणी घातलं.

"मला कळलंय ते तिला कळू देऊ नको, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी त्याची वाट बघतेय, तोवरच तिच्या कपाळाला कुंकू आहे."