कमळपानांत उघडे गळ

"हा टाकू का?" आजोबांनी पेटीतून एक आमिष उचललं आणि मारितच्या थेट नाकासमोर धरलं.

लाकडी मासा होता तो. पोटाखाली तीन-तीन नख्यांचे दोन गळ उघडेच लोंबत होते. आणि समोर तळं कसलं, कमळपानांची गोधडीच! त्यात हा मासा फेकणं म्हणजे गुंतवळात कंगवा घालणं.

"इथे, आजोबा?"

"का? काय झालं?"



गेला महिनाभर घरात एकच वाद चालला होता. आजोबा अलीकडे फार विसरतात, त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवू, असं पप्पांचं म्हणणं. तिथे एक खोली रिकामीही झाली होती. पण लोर्नाआत्या हटून बसली होती. वर्षभरापूर्वीच शहरातली नोकरी सोडून ती बापाला सांभाळायला या घरात राहायला आली होती. त्यांच्या जेवणातलं मीठ, झोपेची वेळ, गळ्यातला मफलर, सगळं तिच्या ताब्यात होतं. "माझ्या बाबांना मी घराबाहेर काढणार नाही," ती म्हणायची आणि रडायची.

शेवटी पप्पांनीच तोड काढली. "म्हातारा एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण कुठल्या पाण्यात कुठलं आमिष, हे नाही विसरायचा. मारित त्यांच्याबरोबर तळ्यावर जाईल. तिथेही चुकले, तर मग खोली घ्यायची."

आत्याने डोळे पुसत मान डोलावली. मारितला कुणी विचारलंच नाही.

आणि आता ती होडीत अडकली होती. गणिताच्या तासाला निदान पोटदुखीचं निमित्त करून उठता येतं. होडीतून उठून जाणार कुठे? पाणगवताने वल्हीसुद्धा धरून ठेवली होती.

आजोबांनी लाकडी मासा फेकला. तो पहिल्याच पानाला अडकला. त्यांनी ओढलं, हिसडलं, दोरी तुटली.

"गेला!" आजोबा असे ओरडले, की काठावरच्या गाईंनी माना वर केल्या. "पाहिलंस ना? गेला!"

"असू दे." मारितने रबरी बेडूक हळूच त्यांच्याकडे सरकवला. "हा बघा ना."

"बेडूक? बेडूक कोण खातं?"

तिला वाटलं, आता रडू फुटणार. ती एवढीशी होती तेव्हा यांनीच शिकवलं होतं: गवताळ तळ्यात रबरी बेडूक. याचे गळ पाठीला चिकटलेले, म्हणून पानांवरून तो अल्लाद सरकतो. पानाच्या कडेला आणायचा आणि थांबायचं. खाली बास मासा असला तर पाणी फुटतं, दांडगा शिकारी पाइक असला तर काळीज.

आजोबांनी मात्र लांब ओठाचा, खोल बुडी मारणारा दुसरा लाकडी मासा बांधला. कमरेएवढ्या पाण्यात! तो तळाशी जाऊन चिखल खात बसला आणि तिथेच राहिला.

"आजोबा, निदान तार तरी लावू या दोरीला."

"कसली तार?"

"पाइकचे दात दोरी तोडतात ना."

"अरे बापरे! दात असतात त्याला?"

झालं. मारितने स्वतःच्या दोरीला तार जोडली, पुढे बेडूक बांधला आणि पानांच्या कडेला टाकला. मोजून एकदा हलवला. थांबली.

पाणी उकळल्यासारखं फुटलं. काठी वाकली.

"काठी वर!" आजोबा कडाडले. "डोकं वर ठेव त्याचं! गवतात शिरला तर संपलं! आता सैल... आता ओढ, ओढ गं माझी वाघीण!"

हातभर पाइक होडीशी आला. आजोबांचा हात अलगद कल्ल्याखाली गेला, दातांना चुकवून. चिमट्याच्या एका झटक्यात गळ सुटले. मासा परत पाण्यात, शेपटीचा फटकारा आणि गायब!

मारितने श्वास सोडून त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि घाईने नजर वळवली.

"काय म्हणतात गं या माशाला?"

हातांना आठवतंय, मारितने मनाशी ठरवलं. डोक्याला नसेल, हातांना तर आठवतंय. अशा माणसाला मी त्या खोलीत कोंडू देणार नाही. मग खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर!

अंगणात पप्पा आणि आत्या वाटच पाहत होते.

"काय गं?" पप्पांनी विचारलं.

"एक चूक नाही!" मारित म्हणाली. "बेडूक त्यांनीच काढला. तार त्यांनीच लावली. पाइक धरला तोही त्यांनीच."

"मी?" आजोबा म्हणाले. "छे, छे! मी तर लाकडी—"

"लाजतायत," मारित म्हणाली.

आत्या आजोबांच्या गळ्यातच पडली आणि पप्पांकडे वळली. "ऐकलंस ना, ड्वेन? आता माझे बाबा कुठ्ठे जायचे नाहीत! शेवटपर्यंत माझ्याजवळ!" तिने त्यांचा मफलर आणखी एक वेढा देऊन घट्ट केला.

पप्पा हसले. "हरलो बुवा. खोली नको म्हणून कळवतो त्यांना." ते फोन करायला आत गेले, मागोमाग आत्याही गेली.

आजोबा पायरीवर मटकन बसले. मारितने शेजारी बसून त्यांचा हात दाबला.

"घाबरू नका," ती कुजबुजली. "खरं काय ते मी कुणाला सांगणार नाही."

आजोबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, तुझ्या आत्याला तोंडावर 'मला त्या आश्रमात जाऊ दे' म्हणायची छाती नव्हती माझी, म्हणून महिनाभर वेड्याचं सोंग घेतलं होतं गं!"