काश्मिरी जावई

"आई हितलीच, बाप काश्मीरचा," म्हणत सयाजीने सफरचंदाची फोड मेहुण्याच्या हातावर ठेवली.

मेहुणा महेश्वर, अक्कलकोटचा रोपवाटिकावाला. त्याने फोड खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. मंद्रूपच्या मे महिन्यात असं गोड, करकरीत सफरचंद!

"अय्यो, दाजी! ह्या झाडाच्या काड्या द्या, कलमं मी बांधतो. पाटीवर आई-बापाचं नाव तेवढं बरोबर पायजे."

सयाजीची छाती फुगली. इतकी वर्षं तो याच दिवसासाठी खपला होता. दोन जातींचा संकर म्हणजे त्याच्या लेखी लग्नच, आणि लग्न कसं बघून-सवरून व्हायला हवं. त्याने आईच्या झाडावरच्या एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने खुडले होते. परकं काही शिवू नये म्हणून फुलांवर कागदी पिशव्या बांधल्या. काश्मीरहून मागवलेला नवरदेवाचा पराग फ्रिजमध्ये आलं-लसणाच्या डबीशेजारी जपला आणि दुसऱ्या दिवशी कुंचल्याने लावला. पण त्या बियांची झाडं एकजात आंबट निघाली. गोड निघालं ते हे एकच झाड, विहिरीकडच्या फांदीवरच्या फळाच्या बीचं.

"विहिरीकडची?" चहा घेऊन आलेली त्याची बायको फुलाबाई दारातच थबकली. "आवो, तिची पिशवी मी सोडली हुती की! तुमी कुंचला लावायच्या आदी. एक मधाची माशी लई घिरट्या घालत हुती, पाय पिवळं माखल्यालं. मला दया आली. ती फुलात बसून गेली, मग मी पिशवी परत बांधली."

सयाजीचं तोंड एवढंसं झालं. म्हणजे माशी आली तेव्हा काश्मिरी जावई फ्रिजमध्ये थंडीच खात बसला होता! बाप कोण, ते त्या माशीलाच ठाऊक. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"न्हाय देत काड्या," तो म्हणाला. "बघून-सवरून न केल्यालं झाड माझं कसं म्हनू? तोडूनच टाकतो."

"तोडा की," फुलाबाई कपबशा ठेवत म्हणाली. "आन् आपलं लगीन कुनी बघून-सवरून केलं हुतं? तुमच्यासंगं पळून आले तवा ह्योच भाऊ काठी घिऊन आपल्याला हुडकत हुता."

सयाजीने चहात तोंड खुपसलं. महेश्वरने हसू दाबत पिशवीतून कात्री काढली.

"काड्या काढा, दाजी. त्या टायमाला बी मी उगीचच काठी घिऊन हिंडलो."