वरण-भाताची ओळ

कागद प्रिंटरच्या ट्रेमध्येच पडला होता. सईने सहज उचलला, आणि वाचता वाचता ती घाबरलीच.

बाबा तर सॅन होजेला चालले होते ना! जुन्या मित्राकडे, आठवडाभर. फोनवर तसंच म्हणाले होते. म्हणून तर ती सुट्टी टाकून फिलाडेल्फियाहून ड्राइव्ह करत एडिसनला आली होती, त्यांना एअरपोर्टला सोडायला, सरप्राइज म्हणून. आणि कागदावर सॅन होजे कुठेच नव्हतं.

१५ ऑगस्ट, नागासाकी. गेलेल्या माणसांच्या बोटी. बंदरापर्यंत चालत.
१७ ऑगस्ट, नाहा. पितर घरी येतात. ढोल ऐकणे.
१८ ऑगस्ट, कीलुंग. कागदाची घरं पेटवून समुद्रात सोडतात. पाण्यापर्यंत जाणे.

बस. त्याच्या खाली काहीच नाही.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण सईच्या बाबांना, श्रीराम काकांना, ओळखणाऱ्याला नाही वाटणार. काका पुलांचे इंजिनिअर. नायगारा असो की अटलांटिक सिटी, घरातून निघायच्या आधी सगळा प्रोग्रॅम कागदावर. आधी हाताने, मग एक्सेलमध्ये. प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा कागद, आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ, ठरलेली: 'घरी. वरण-भात.' सई लहानपणी आधी तीच ओळ शोधायची. आज तिने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा.

आणि ही ट्रिप होती आईची! सुमित्रा काकूंनी लायब्ररीतून पुस्तकं आणून दोन वर्षं प्लॅन केलेली. पूर्वेकडच्या बेटांवरची शहरं, तिथले पितरांचे सण, सगळं. २००३मध्ये सार्स आला, ट्रिप कॅन्सल केली. पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या आणि नोव्हेंबरात गेल्याच.

दहाव्याला पार्कात पिंड ठेवला तर कावळा शिवेना. आधीच वेस्ट नाईल विषाणूच्या साथीत एडिसनचे कावळे मरून कमी झालेले. गुरुजी सारखे घड्याळ बघत होते. काकूंची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेक जण शब्द देत होता. जगन्नाथ मामा म्हणाला, "ताई, सईचं लग्न मी लावून देतो, काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. मग बाबा पुढे झाले, वाकून काहीतरी पुटपुटले, आणि एक कावळा सरळ झाडावरून खाली आला. काय बोललास म्हणून सईने किती विचारलं. त्यांनी नाही म्हणजे नाहीच सांगितलं. तेव्हापासून ते गप्प गप्पच होते.

आणि आता हा कागद.

सईने घरात नजर फिरवली. फ्रिज रिकामा, प्लग काढलेला. डायनिंग टेबलवर फाइल, वर मोठ्या अक्षरात 'सई'. आत घराचे पेपर्स, इन्शुरन्स, गाडीची दुसरी किल्ली. खिडकीतली आईची तुळस गायब. तिने शेजारच्या मालिनी काकूंना फोन लावला.

"हो, माझ्याकडेच आहे तुळस. सकाळी श्रीराम देऊन गेला. म्हणाला, परत नाही दिलीस तरी चालेल. मी म्हटलं, अरे असं काय बोलतोस! का गं, सगळं ठीक आहे ना?"

सईने फोन कट केला. ती दोन दोन पायऱ्या चढत वर धावली.

बेडरूमचं दार आतून बंद. या घरात कुणी कधी दार लॉक करत नसे.

"बाबा!"

काही नाही. पाण्याचा आवाज नाही, पावलांचा नाही.

"बाबा, दार उघड! बाबा, प्लीज!"

तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. मग फोन काढला. नऊ दाबलं, एक दाबलं. तेवढ्यात कडी वाजली.

बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल, हातात आईची निळी शाल, नीट घडी केलेली.

"अगं, तू इथे कशी? आणि दार काय तोडतेस?"

सईने कागद त्यांच्या तोंडासमोर धरला. "यात घरी यायचं का नाही लिहिलंस?"

बाबांनी कागद पाहिला. "अरे, खालीच राहिला होय!" मग खिशातून दुसरा कागद काढला, उलगडला आणि तिच्या हातात दिला. तेच नागासाकी, तेच नाहा, तेच कीलुंग. आणि खाली आणखी दोन ओळी. '२० ऑगस्ट, नेवार्क. घरी. वरण-भात.'

सई जमिनीवरच बसली. "तू खोटं का बोललास मग?"

"खरं सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, बाबा वेडा झालाय."

"मग हा दुसरा कागद कशाला?"

बाबाही तिच्या शेजारी खाली बसले. पहिला कागद त्यांनी शालीच्या घडीत सरकवला.

"तुला बॉस्टनला हॉस्टेलवर सोडलं, तेव्हा तुझ्या कागदावर तरी कुठे होती ती ओळ? हा आईचा आहे. कावळ्याला शब्द दिलाय ना, तिला सोडायला चाललोय."